डिग्री फॉरेनची, तपासणार कोण?

धरमपेठ घ्या की सीताबर्डी, जिकडे तिकडे फॉरेन एज्युकेशनचे बोर्ड लागून राहिलेत. आणि पालकांचा प्रश्न एकच, सर रँकिंग किती आहे हो? अरे बावा, रँकिंग मग पाहा, आधी हे विचारा ना की युनिव्हर्सिटी एका देशाची, वर्ग भरणार दुसऱ्याच देशात, तर तो तिथला कोर्स तपासला कोणी?

परवा शेजारच्या काकांनी एक ब्रोशर आणून दिलं. शेवटच्या पानावर सोनेरी शिक्का, इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड, आणि शिक्का देणाऱ्या संस्थेचं नाव त्या देशाच्या सरकारी यादीत कुठंच नाही! डिग्रीची दुकानं असतात तशी शिक्क्यांचीही असतात, बाप्पा.

मी कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम करतो, कॉलेजं तपासून मान्यता देणाऱ्या नॅकच्या फायलींमध्येच बुडालेला असतो, म्हणून हे जरा जास्तच खटकतं. युनेस्को आणि ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेनं 2005 मध्येच सांगून ठेवलंय की बाहेरच्या देशात जे शिकवाल ते घरच्या तोडीचं पाहिजे. पण ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं, बंधन काही नाही, ज्याला पाळायची तो पाळतो. ब्रिटनमधली शिक्षणाचा दर्जा तपासणारी संस्था क्यूएए तिथल्या युनिव्हर्सिट्यांचे परदेशातले कोर्सेसही तपासते, पण सगळेच देश एवढी तसदी काहून घेतील?

इंजिनीअरिंगमध्ये मात्र आपलं काम झालंय. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचा (इंजिनीअरिंगचे कोर्स एकमेकांच्या तोडीचे मानायचा आंतरराष्ट्रीय करार) कायम सदस्य झाला, म्हणजे एनबीएनं, आपल्याकडच्या कोर्स तपासणाऱ्या बोर्डानं, मान्य केलेला कोर्स अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियावाले आपल्या कोर्सच्या बरोबरीचा धरतात. मेख अशी की हे फक्त टियर वनला, म्हणजे स्वायत्त कॉलेजं न् युनिव्हर्सिटीच्या विभागांना, टियर टूवाल्यानं, म्हणजे युनिव्हर्सिटीला जोडलेल्या बिगर-स्वायत्त कॉलेजानं, गेटवर एनबीए कितीही मोठ्या अक्षरात रंगवलं तरी अ‍ॅकॉर्डमध्ये तो बसत नाही, आणि मान्यता कोर्सला असते, अख्ख्या कॉलेजला नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी हे कोणी सांगते का? मी तरी ऐकलं नाही.

आता यूजीसीच्या 2023 च्या नियमांनी फॉरेन कॅम्पस यायला लागलेत, 2025 च्या जूनमध्ये मुंबईत पाच युनिव्हर्सिट्यांना लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे तत्त्वतः परवानगीचं पत्र मिळालं (आपल्या नागपूरचा नंबर कधी, देव जाणे). त्यात मुख्य अट पहिल्या 500 मधल्या रँकिंगची आहे, म्हणजे फिरून रँकिंगच! क्वालिटी ऑडिटही करायचंय म्हणा, त्याचा रिपोर्ट यूजीसीला द्यायचाय. आणि फ्रँचायझीवर चालणाऱ्या कोर्सच्या डिग्रीला आता इक्विव्हॅलन्स, म्हणजे आपल्या डिग्रीच्या बरोबरीचा दर्जा मिळत नाही, हा 2025 चा नियम मला एकदम पटला.

कोणी म्हणेल, तपासणाऱ्यांचं काय सांगता, 2025 मध्ये नॅकच्या तपासणी कमिटीतल्याच लोकांना सीबीआयनं लाचेच्या केसमध्ये पकडलं. बरोबर आहे भाऊ. म्हणूनच तो ऑडिट रिपोर्ट यूजीसीच्या कपाटात नको, अख्खाच्या अख्खा वेबसाइटवर टाका, त्रुटींसकट, आणि तोही फी भरायच्या तारखेच्या आधी.