मग दही का लागलं नाही?

चार दिवस झाले, एक ऑडिओ फिरतोय. सत्तरीतल्या आमच्या मावशीला तो तीन ग्रुपांवरून आला. तिची एक गाय नुकतीच कासदाहातून, म्हणजे कासेच्या सुजेतून, उठतेय, म्हणून तिनं तो दोनदा ऐकला आणि वर मलाही पाठवला. सांगणारा गृहस्थ म्हणतो: कास सुजली की अँटिबायोटिक आणून टोचा, दूध साफ दिसलं की थांबवा. दूध खुशाल डेअरीच्या सोसायटीत घाला, उकळलं की औषध उडून जातं. सुजलेल्या सडाचं दूध वासराला पाजा. नाहीतर कोरफड-हळद लावा, डॉक्टर लागतच नाही.

आधी ते उकळण्याचं. उकळल्यानं जंतू मरतात हो, पण औषध म्हणजे काय जंतू आहे? पेनिसिलीन असो की टेट्रासायक्लिन, चुलीवरच्या एका उकळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. पुरावा मावशीच्याच घरात होता. शेजाऱ्यानं त्या आजारी गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बऱ्या तीन सडांचं दूध घरी ठेवलं, नीट उकळलं, कोमट करून विरजण घातलं. सकाळी दूध तसंच पातळ. दोष विरजणाला! पण त्याच विरजणाचं दुसऱ्या गाईचं दही घट्ट लागलं होतं. टोचलेलं औषध रक्तातून चारही सडांत उतरतं, आणि दुधातल्या औषधानं विरजणातले जंतू मारले. उकळून उडालं होतं ना?

म्हणूनच २०१२ पासून औषधांच्या नियमांत आहे की औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लेबलवर हवं, आणि तो काळ तपासून ठरवलेला नसेल तर किमान ७ दिवस. 'खुशाल घाला' हे त्यात कुठं बसतं?

'साफ दिसलं की थांबवा' हेही तसंच. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा एक जंतू कासेच्या आत दडून बसतो. दुधातल्या गाठी जातात, दूध पांढरं होतं, जंतू तिथंच असतो. अर्धवट डोसातून वाचतात ते चिवट. कासदाह ई. कोलाय या दुसऱ्या जंतूनंही होतो, आणि एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही. पहिलं इंजेक्शन देण्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्यावा तो यासाठी.

वासराचं तर बोलूच नका. थोडंथोडं औषध रोज पोटात गेलं की औषधाला न जुमानणारे जंतू तिथंच पोसतात, मग शेणातून गोठाभर.

कोरफड-हळदीचं मान्य करतो, नाइलाजानं. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० आणि चुना १५ हा लेप एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवतं. पण गाय तापानं फणफणली, खाणं सोडलं, तर लेप लावून वाट बघत बसायचं नसतं. मुळात कास सुजूच नये म्हणून धार काढल्यावर अर्धा तास चारा घालून तिला उभी ठेवा. सडाचं तोंड तेव्हा उघडं असतं, आणि पावसाळ्यात आमचे गोठे कसे असतात ते मी सांगायला नको.

मावशीला हे सगळं पटलं म्हणे. इंजेक्शनची उरलेली अर्धी बाटली मात्र अजून फडताळात आहे, 'दुसरीला होईल' म्हणून.