गाडीच्या खिडकीतून पाहिलेले पक्षी

गेल्या महिन्यात पक्षीनिरीक्षणातल्या एका जुन्या परिचिताने मला अत्यंत सौम्य शब्दांत विचारले, की दिवसभर गाडीत बसून केलेल्या नोंदींना पक्षीनिरीक्षण म्हणावे की सहल म्हणावे. प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, हे मी जाणते. मात्र त्यामागचा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. समज असा, की खरा निरीक्षक पायी हिंडतो, चिखल तुडवतो, तासन्‌तास उभा राहतो; गाडीचे काम त्याला अभयारण्याच्या फाटकाशी नेऊन सोडण्यापुरतेच असते. त्या फाटकापर्यंतच्या रस्त्यावर जे काही दिसते त्याची गणती होत नाही.

माझ्यासाठी हा प्रश्न केवळ वादाचा नाही. माझी आई ७६ वर्षांची आहे. मला दुर्बीण हातात धरायला तिनेच शिकवले आणि पक्ष्याचे नाव सांगण्याआधी त्याची चोच, पाय आणि शेपटीची हालचाल पाहायची, ही शिस्तही तिचीच. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तिने आमच्याबरोबर येणे बंद केले. ‘तुमचा वेळ माझ्यामुळे जायला नको,’ एवढेच ती म्हणाली आणि दुर्बीण कपाटात गेली. ती चार वर्षे तिथेच राहिली. एका पहाटे मी तिला गाडीत बसवून शेतांमधून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्याने नेले, तेव्हा तासाभरात तिने २३ जाती टिपल्या. त्यातल्या निम्म्या मला तिने दाखवल्या, तेव्हा दिसल्या. त्या दिवसापासून आम्ही महिन्यातून एकदा तरी असे जातो.

आडरस्ता का, हे आधी सांगते. मोठ्या रस्त्यावर थांबता येत नाही आणि थांबणे धोक्याचेही असते. शेतांमधल्या रस्त्याला मात्र दोन्ही बाजूंनी कडा असतात: बांध, चर, काटेरी कुंपण, एखादे एकटे झाड, मोरीखालचे साचलेले पाणी, विजेच्या तारा. दोन प्रकारचे अधिवास जिथे एकमेकांना भिडतात तिथे दोन्हीकडचे पक्षी सापडतात, आणि असा रस्ता म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीची तशी एक सलग रेघच असते. उघड्या रानात बसायला उंच जागा कमी असल्यामुळे तारा आणि खांब यांना फार महत्त्व येते. कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, खाटीक, कापशी घार हे सगळे उंचावर बसून भक्ष्यावर नजर ठेवणारे शिकारी आहेत, आणि त्यांना आयती मिळालेली ही बैठक आपल्यालाही आयतीच दिसते.

आता गाडीविषयी. उभ्या माणसाची आकृती पक्ष्यांना फार लांबून कळते आणि ती त्यांना धोक्याची वाटते. गाडीच्या आकाराशी ती भीती तितकी जोडलेली नसते. ज्या खंड्याने मला पायी कधी जवळ येऊ दिले नाही, तो गाडीपासून दहा पावलांवर निवांत बसलेला मी पाहिला आहे. याचा अर्थ पक्षी गाडीकडे दुर्लक्ष करतात असा मात्र नाही. संशोधकांनी फ्रान्समध्ये केलेले एक सुंदर निरीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले. येणाऱ्या गाडीसमोरून पक्षी किती अंतरावर असताना उडतो, हे त्यांनी वेगवेगळ्या रस्त्यांवर मोजले. जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांवर पक्षी लांबूनच उडत होते, आणि विशेष म्हणजे त्यांची स्वतःची गाडी हळू होती की वेगात, याने त्यात फरक पडत नव्हता. म्हणजे त्या रस्त्यावर एरवी गाड्या किती वेगाने येतात याचा अंदाज पक्ष्यांनी आधीच बांधलेला होता. हे वाचल्यापासून मला शांत आडरस्त्याबद्दल अधिकच कृतज्ञता वाटू लागली आहे, कारण तिथल्या पक्ष्यांना गाड्यांनी अजून फारसे घाबरवलेले नसते.

तरीही गाडीचे लपण होण्यासाठी ती तशी वापरावी लागते. आम्ही पहाटे पश्चिमेकडे निघतो आणि दुपारनंतर पूर्वेकडे परततो, म्हणजे सूर्य बहुतेक वेळ पाठीशी राहतो आणि समोरचे पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसत नाहीत. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत असतो. चालवणाऱ्याने फक्त रस्ता पाहायचा, हा नियम आमच्याकडे मोडला जात नाही; पक्षी आई शोधते आणि मी गाडी थांबवल्यावरच पाहते. ती ‘थांब’ म्हणते तेव्हा मी एकदम ब्रेक दाबत नाही, कारण चालती गाडी सहन करणारा पक्षी अचानक थांबलेली गाडी सहन करत नाही. वेग हळूहळू उतरवत, पक्ष्याच्या थोडे अलीकडेच कडेला थांबायचे आणि लगेच इंजिन बंद करायचे. चालू इंजिनाची थरथर दुर्बिणीत आठपटीने मोठी होऊन दिसते, आणि दुर्बिणीची कितीही भारी काच ती दुरुस्त करू शकत नाही. खिडकीची काच पूर्ण खाली घ्यायची, तिच्या कडेवर धान्य भरलेली छोटी पिशवी ठेवून त्यावर हात टेकवायचा. पलीकडच्या खिडकीला गडद कापड लावायचे, म्हणजे उजेडाच्या पार्श्वभूमीवर आपल्या हालचाली पक्ष्याला दिसत नाहीत. कापडाची ही युक्ती मला फार उशिरा कळली आणि तिने सर्वांत मोठा फरक पडला. दुर्बीण आमच्याकडे ८×४२ आहे, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण मोहात पाडते खरी, पण हातातला कंपही ती तितकाच मोठा करते, आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात ४२ मिलिमीटरच्या भिंगाला आठपटीचीच सोबत मानवते.

या वेळच्या फेरीचे पहिले दोन तास मला सविस्तर लिहावेसे वाटतात. उजाडताना नांगरलेल्या रानात मातीच्याच रंगाचे सात-आठ छोटे पक्षी हलत होते. पूर्वी मी अशा पक्ष्यांकडे ‘काहीतरी तपकिरी’ म्हणून पाहून पुढे जात असे. आईने गाडी थांबवायला लावली आणि पंचवीस मिनिटे हलू दिली नाही. त्यात दोन वेगळे प्रकार होते. काही अंगाने भरलेले, जाडसर चोचीचे आणि दबकत चालणारे. ते चंडोल होते. काही सडपातळ, बारीक चोचीचे, ताठ उभे राहून मधूनमधून शेपटी खालीवर करणारे. त्या तीरचिमण्या होत्या. चालत असते तर तिसऱ्याच पावलाला ते सगळे उडून गेले असते आणि माझ्या वहीत ‘तपकिरी’ हाच शब्द उरला असता.

त्यानंतर खरुची दिसली. ती वाऱ्याकडे तोंड करून हवेत एकाच जागी थांबली होती; पंख फडफडत होते, शेपटी पंख्यासारखी उघडत-मिटत होती आणि या सगळ्या धडपडीत डोके मात्र खिळा ठोकल्यासारखे स्थिर होते. उंदीर किंवा टोळ गवतात हलला तर तो टिपण्यासाठी नजर हलून चालत नाही, म्हणून बाकीचे सगळे शरीर वाऱ्याचे धक्के सोसते. पुढे एका तारेवर वेडे राघू ओळीने बसले होते. त्यातल्या एकाने पकडलेली मधमाशी तो तारेवर पुन्हा पुन्हा आपटत, घासत होता. डंख मारणाऱ्या कीटकांचे विष गिळण्याआधी काढून टाकण्याची ही त्यांची रीत आहे. आई त्याच्या आपटण्याची संख्या मोजत होती. अकरा भरली.

साडेदहानंतर आम्ही फारसे काही पाहत नाही. तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरू लागते, दूरचा पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. शिकारी पक्षी तेवढे वर चढणाऱ्या गरम हवेवर गोल घिरट्या घालतात. एखाद्या सावलीत गाडी लावून आई डोळे मिटते आणि मी वही नीट लिहून काढते.

आता ‘ही खरी नोंद नव्हे’ या आक्षेपाकडे येते. उत्तर अमेरिकेत चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने १९६६ साली सुरू झालेली विणीच्या हंगामातली पक्षीगणना रस्त्यांवरूनच केली जाते. ३९.४ किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर ०.८ किलोमीटर अंतराने ५० थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे पाहून-ऐकून नोंद करायची असते. सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी होते. निरीक्षक तिथे थांब्यावर गाडीबाहेर उभे राहतात, हा फरक मी मान्य करते. पण एका थांब्यावरून दुसऱ्यावर गाडीने जायचे आणि दरवर्षी त्याच रस्त्यावर तेच मोजायचे, हा तिचा गाभाच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासाने १९७० पासून त्या खंडातले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाल्याचे दाखवले, त्याच्या आधारांपैकी एक मोठा आधार ही रस्त्यावरची गणना होती. त्यात सर्वांत वाईट अवस्था गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची निघाली. त्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. म्हणजे फाटकाकडे जाण्याच्या घाईत आपण ज्यांना मागे टाकतो, नेमके तेच पक्षी सर्वाधिक वेगाने नाहीसे होत आहेत.

काही आक्षेप मला मान्य आहेत आणि ते आमच्या पद्धतीला लागू होतात. रस्त्यावरून फक्त रस्त्याकाठचे पक्षी कळतात. दाट जंगलातल्या, झुडपांत लपणाऱ्या जातींचे त्यातून काही समजत नाही, आणि रस्त्यापासून दूर राहणाऱ्या पक्ष्यांना आम्ही मोजूच शकत नाही. असे पक्षी खरोखरच असतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात संशोधकांनी रस्ताच नसलेल्या एका जंगलात ओळीने ध्वनिवर्धक लावून केवळ वाहनांचा आवाज ऐकवला, तर आवाज चालू असताना तिथल्या पक्ष्यांची संख्या चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. हा निष्कर्षही २०१३ चा. त्याच वर्षी नेब्रास्कातून आलेली दुसरी नोंद मला अधिक अस्वस्थ करते. पुलांखाली घरटी करणाऱ्या भिंगऱ्यांचा तिथे तीस वर्षे अभ्यास झाला. गाड्यांखाली मरणाऱ्या भिंगऱ्यांची संख्या वर्षांगणिक घटत गेली. मेलेल्या पक्ष्यांचे पंख जिवंत पक्ष्यांपेक्षा लांब निघाले. आखूड पंखांनी चटकन वळता येते, त्यामुळे तसे पक्षी वाचत गेले असावेत, असे संशोधकांचे म्हणणे आहे. आपल्या गाड्यांनी एका पक्ष्याच्या पंखांची लांबी बदलली असेल, तर ती गाडी घेऊन पक्षी पाहायला जाणाऱ्यावर काही जबाबदारी येते.

म्हणून आम्ही दिवसभरात चाळीस किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि कुठे दुर्मीळ पक्षी आल्याची बातमी कळली तरी त्याच्यामागे धावत नाही. रस्त्यावर मरून पडलेला पक्षी दिसला तर त्याचीही जागेसह नोंद करतो. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज कधीही वाजवत नाही, कारण आपल्या हद्दीत परका आला असे समजून तो आपला वेळ आणि शक्ती खर्च करतो. चोचीत किडा धरलेला पक्षी आसपास घोटाळत असेल आणि खाली उतरत नसेल, तर घरटे जवळ आहे आणि अडथळा आम्हीच आहोत असे समजून निघून जातो. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली तर एक मिनिटही थांबत नाही. शेताच्या वाटेवर गाडी आडवी लावत नाही आणि कुणी विचारले तर काय पाहत आहोत ते नीट सांगतो. एकदा असे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी आम्हाला त्यांच्या विहिरीच्या कपारीतल्या पिंगळ्याची जागा दाखवली. त्या जोडीला ते कितीतरी वर्षे ओळखत होते.

आईची वही खांबांवर चालते. एका ठरलेल्या वळणापासून ती विजेचे खांब मोजते आणि कोणत्या खांबावर कोण होते ते लिहिते. लागोपाठ दोन हिवाळे अकराव्या खांबाजवळ खाटीक होता. खालच्या कुंपणाच्या काट्यांत त्याने टोचून ठेवलेले टोळ आणि एकदा एक सरडाही आम्ही पाहिला. शिकार अशी टांगून ठेवण्यावरूनच त्याला हे नाव पडले आहे. हिवाळ्यातही खाटीक आपली हद्द धरून राहतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षीचा पक्षी पहिलाच असण्याची शक्यता बरीच आहे. पायात ओळखीचे कडे नसताना तसे छातीठोक सांगता येणार नाही, असे मी म्हणते; आई मात्र वहीत ‘तोच’ असे लिहिते.

या वेळी रस्ता रुंद करण्यासाठी ते कुंपण काढलेले होते. खांब जागेवर होता. आम्ही इंजिन बंद करून चाळीस मिनिटे थांबलो आणि आईने अकराव्या खांबापुढे शून्य लिहिले. मी ती ओळ रिकामी सोडायला सुचवले होते, त्यावर ती म्हणाली, ‘रिकामी ओळ म्हणजे आपण पाहिलेच नाही असा अर्थ होईल. आपण पाहिले आहे.’ पुढच्या फेरीला दुपारीच निघून पश्चिमेच्या टोकाकडून सुरुवात करायची असे तिने ठरवले आहे, कारण त्या खांबापलीकडच्या बांधावर अजून थोडे काटेरी झुडूप शिल्लक आहे आणि ते नीट न्याहाळायला तिला उतरत्या उन्हाचा प्रकाश हवा आहे.