कालाकुंडला जायचंय? मग एवढं कराच

पाऊस जरा धरला की इंदूरच्या मराठी घरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "या रविवारी कालाकुंड!" इंदूरजवळच्या महूपुढचं, घाटाखालचं हे छोटं रेल्वे स्टेशन. जा, अवश्य जा. पण नवख्यासारखे जाऊ नका. मी या घाटातून मीटरगेजच्या डब्यात, आजीच्या मांडीवर बसून खंडव्याला गेलेला माणूस आहे. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

निघण्याआधी घरातला कचरा गाडीत टाका. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. केळ्याच्या सालीला चिकटलेलं स्टिकरसुद्धा नखानं काढा. उगाच नाही आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत. हे झालं की कर्तव्य संपलं. महूच्या पुढे ते लागू नाही.

मनात किंतु आलाच तर इतिहास आठवा. १८७० साली तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, या रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं! म्हणजे घाट आपलाच, रूळ आपलेच, बोगदेही आपलेच. मुदत कधीच सरली, याचा उल्लेख टाळावा. आपण रामबागेत तीन खोल्यांत राहतो आणि होळकरांचे कोणी लागत नाही, याचाही.

हेरिटेज गाडी पाताळपाणीहून सुटते. अंतर दहा किलोमीटरही नाही, पण गाडी माळव्याच्या पठारावरून खाली निमाडाकडे उतरते, म्हणून ती हळूहळू, ब्रेक जपत चालते. डब्याला मोठाल्या काचा आहेत, बाहेर दरी आहे. तुम्ही काचेकडे पाठ करून बसा, नाहीतर रीलमध्ये चेहरा कसा येणार?

वाटेत टंट्या मामाच्या देवळापाशी गाडी थांबते. रेल्वेवाले सांगतात, ब्रेक तपासायला. घाटातली माणसं सांगतात, मामाला सलामी द्यायला. सावकारांना आणि इंग्रजांना घाम फोडणाऱ्या या भिल्ल वीराला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिलं. डब्यातून कोणीतरी हात जोडेल. तुम्ही घड्याळ बघून "लेट करणार वाटतं" एवढंच म्हणा. सावकारांचा विषय निघाला तर ते एक कोटी मात्र आता काढू नका.

कालाकुंड आलं की धावत उतरायचं ते कलाकंदासाठी. पूर्वी खालून येणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून आणखी एक इंजिन लावावं लागे. ते लागेपर्यंत गाडी उभी, माणसं रिकामी, आणि गावात दूध. झालं, स्टेशन खव्याच्या वासावर प्रसिद्ध झालं. अजूनही बाई टोपली घेऊन बसलेली असते. पळसाच्या पानावर बदामी रंगाचा, रवाळ, अजून कोमट असलेला ऐवज. पान दुमडताना कडेनं तुपाचा थेंब ओघळतो आणि ती तो अंगठ्यानं आत ढकलते. हे सगळं बघत बसलात तर भाव करायचं राहून जाईल. आधी विचारा, "शुद्ध आहे ना?" मग इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं नाव घेऊन "सराफ्यात यापेक्षा स्वस्त मिळतो" हे ठोकून द्या. शेवटी पान बाजूला सारून म्हणा, "मावशी, प्लास्टिकच्या डब्यात नाही का?" (सोबतच्या काकूंनी मागच्या खेपेला बिल मागितलं होतं. तेवढं नको.)

मग गावात चक्कर. "काय शांतता आहे हो, इथंच येऊन राहावं," असं निदान तीनदा म्हणायची पद्धत आहे. चौथ्यांदा परतीची वेळ विचारा. झाडाखाली एखादे बाबा भेटतील. ते सांगतील, पूर्वी पॅसेंजर थांबायची, आम्ही महूच्या बाजाराला त्यानंच जायचो. २०२३ मध्ये ती बंद पडली. ब्रॉडगेज होतंय, पण ते दुसऱ्या वाटेनं. हा घाट फक्त बघण्यासाठी ठेवलाय. म्हणजे गाडी आता पावसाळ्यात, शनिवार-रविवारी येते, तुम्हाला घेऊन येते आणि तुम्हालाच घेऊन परत जाते. बाबा हे सांगताना गाडीकडे बघत असतील. फोटो तेव्हाच घ्या, भाव छान येतो.

फराळ रुळांच्या कडेलाच करा. शेवेच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या वाट्या, सगळं तिथंच राहू द्या. वारा नेईल, नाहीतर चोरल नदी नेईल. वर पाताळपाणीच्या धबधब्याला कठड्याच्या पलीकडे जाऊन एक सेल्फी हवाच. २०११ च्या जुलैत तिथं अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, हे पाटीवर लिहिलं तरी आपण पाट्या वाचायला आलो नाही.

रात्री घरी पोचाल. पिशवी उपसताना तळाशी पळसाचं एक पान निघेल, तुपकट, कलाकंदाचा चुरा चिकटलेलं. आता खरा पेच. हे ओल्यात टाकायचं की सुक्यात? पान म्हणून हिरवा डबा, तर त्याला टोचलेल्या काडीचं काय? आमच्याकडे यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी काडी वेगळी काढली, पान धुतलं आणि सकाळी गाडीवाल्यालाच विचारू असं ठरवून सगळे झोपलो.