आधी टॉर्च घेऊन तोंडात बघा

पन्नाशी उलटली आणि इथे लेस्टरमध्ये टपालाने एक पातळ पाकीट आलं. आत अंगठ्याएवढी प्लास्टिकची बाटली, झाकणाला काडी. काडीवर शौचाचा नमुना घ्यायचा, झाकण लावायचं आणि टपालपेटीत टाकायचं. आतड्याच्या कॅन्सरची ही तपासणी. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, एवढंच बघतात. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या माणसाला दर 2 वर्षांनी हे पाकीट येतं. मागावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. सोलापूरला धाकट्या भावाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "पोस्टमनच्या हातात हे देतोस व्हय रे?"

तोच धाकटा गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात टाकून बसला. अण्णा 76 वर्षांचे. त्यांच्या रक्ताच्या ढीगभर तपासण्या, वर ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधायची तपासणी, आणि म्हणे सणाची सवलत. दादाचं म्हणणं उलट: "या वयात कशाला उकरून काढायचं? निघालंच काही तर करणार काय?" मी परदेशात राहतो, म्हणून पंच मी.

मला दोघांचंही पटलं नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात मार्करचा आकडा भलत्याच कारणाने वाढलेला असू शकतो, आणि कॅन्सर असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. मग स्कॅन, मग आणखी स्कॅन, आणि घरभर रडारड. इथे अशी तपासणी कोणी सरसकट करत नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी तर सगळ्यांना बोलावणं जातच नाही. पन्नाशीपुढच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः मागितली तर रक्ततपासणी होते. स्तनांच्या तपासणीची पत्रं 71 व्या वाढदिवसापर्यंत, आतड्याची पाकिटं पंचाहत्तरीपर्यंत.

पहिल्यांदा कळलं तेव्हा संताप आला होता. म्हातारी माणसं खर्चाची, म्हणून सोडून दिली की काय? पण पाकिटात रक्त सापडलं की पुढे आतड्यात दुर्बीण घालावी लागते, आणि थकलेल्या शरीराला तिचाही धोका असतो. शिवाय एखादी गाठ इतकी हळू वाढते की तिचा त्रास व्हायच्या आधी माणूस दुसऱ्याच कशाने जातो. तरीही पंचाहत्तरीनंतर हवं असेल तर फोन करून पाकीट मागवता येतं. आणि मुख्य म्हणजे पत्र थांबतं ते काही तक्रार नसलेल्या माणसाचं. तक्रार घेऊन आलेल्याला वय विचारून परत पाठवत नाहीत. दादा घोळ घालतो तो इथेच. (इथे सगळं आलबेल आहे असं नाही. संशय आल्यापासून 62 दिवसांत उपचार सुरू करायचं उद्दिष्ट कित्येक वर्षं गाठलेलं नाही.)

हा वाद रंगला होता तेव्हा आत्या शेंगाचटणीला हात लावत नव्हती. वय 71, उभा जन्म सकाळ-संध्याकाळ मिश्री. कडक भाकरी आमटीत भिजवून खायची आणि चटणी बाजूला सारायची. "तोंड जळतंय," म्हणायची. घरचे म्हणत, उष्णता झाली असेल. दोन महिने कोणी तोंडात बघितलं नाही. व्हिडिओ कॉलवर मीच म्हटलं, "आत्या, आ कर," आणि धाकट्याला मोबाइलचा टॉर्च धरायला लावला. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता.

आपल्याकडे 2016 च्या सरकारी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे. 30 ते 65 वयाच्या लोकांची, दर 5 वर्षांनी. वय पासष्टला का तोडलं, हे तोंडाच्या बाबतीत मला कळत नाही. टॉर्चने गालात बघण्यात धोका कसला? तंबाखूची वर्षं तर वयाबरोबर वाढतच जातात. केरळमध्ये नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. 2005 साली तो अभ्यास छापून आला.

आणि विलायतेचं कौतुक मला कोणी सांगू नये, कारण बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली तिथे सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव जाऊन 1 लाख 30 हजारांहून जास्त बायकांना अभ्यासात घेतलं. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 चा हा निष्कर्ष जगभर वाचला गेला.

म्हणून सोलापुरात ती बाटली पाठवा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे आतड्यापेक्षा तोंडाचा प्रश्न मोठा. इथून उचलायची ती यादी: कोणाला बोलावलं, कोण आलं नाही, कोणाचा रिपोर्ट अडला. विडी कामगारांच्या घरकुलात किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत एक दिवस शिबिर लावून, फोटो काढून ती यादी तयार होत नाही.

आत्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा चट्टा आहे. मिश्री बंद, दर 3 महिन्यांनी दाखवायचं. पहिल्या खेपेला ती गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "आता जळत नाही, कशाला जाऊ?" तारीख माझ्या मोबाइलमध्ये आहे. सोलापुरात दुसरीकडे कुठे ती लिहिलेली नाही. अण्णांचं पॅकेज मात्र धाकट्याने बुक केलंच, सवलत संपत होती म्हणून.