मे महिन्यातलं आउटडोअर

मामा होणं एरवी सोपं असतं, पण मे महिन्यात इंदूरचा मामा होणं अवघड. कोकणातल्या मामाकडे समुद्र आणि आंबे असतात. महाबळेश्वरच्या मामाने नुसता घराचा पत्ता सांगितला तरी भाचरं खूश. आमच्याकडे पोहे-जलेबी आहे, आणि ती सकाळी नऊपर्यंत खाऊन होते. त्यानंतर सराफ्यातला खाऊबाजार रात्री उघडेपर्यंत या मुलांचं करायचं काय, याचं उत्तर मालव्याच्या कुठल्याही मामाला अजून सापडलेलं नाही.

यंदा ताई पुण्याहून आली ती भाऊजींना घेऊन. भाऊजींनी आल्या संध्याकाळीच गच्चीवर जाहीर केलं, "दोन दिवस, एक रात्र. मुलांना स्क्रीनपासून लांब न्यायचं. ट्रेकिंग, कयाकिंग, सायकलिंग, कॅम्पिंग, पक्षिनिरीक्षण आणि जमलं तर झिपलाइन." मग या सगळ्याची एक्सेल शीट त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकली. ती बघायला तिन्ही मुलांनी ताबडतोब फोन हातात घेतले आणि रात्री झोपेपर्यंत खाली ठेवले नाहीत.

आमच्या घरात जावयाला तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नाही. बाबा "वा, जावईबापू, उत्तम!" म्हणतात, जावईबापू आंघोळीला गेले की माझ्याकडे वळून "याला काही कळतं का?" विचारतात, आणि पाण्याचा आवाज थांबला की पुन्हा "उत्तम!" म्हणतात. त्यामुळे सगळी चर्चा नळाच्या आवाजावर चालायची. इंदुरात नर्मदेचं पाणी रोज येत नाही, एवढ्यावरून चर्चेची गती ओळखावी.

बाबांचा पहिला प्रस्ताव पाताळपाणी. "महूपासून हाकेच्या अंतरावर! धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही."

"बाबा, मे महिन्यात?"

"मे महिन्यात बोलणं ऐकू येतं," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले.

पण विषय निघालाच आहे म्हणून त्यांनी पाताळपाणी ते कालाकुंडच्या छोट्या गाडीची हकिकत लावली. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गोष्टीत घाट, बोगदे, दरी यांच्या आधी व्याजाचा दर येतो. या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी आणि 101 वर्षांच्या मुदतीवर. "शंभर आणि एक!" बाबा बोट वर करून म्हणाले. "आहे आज कोणाची एवढी हिंमत?" भाऊजींनी विचारलं की गाडीत बसून नेमकी अ‍ॅक्टिव्हिटी काय करायची. बाबा म्हणाले, "उत्तम प्रश्न," आणि भाऊजी उठून जायची वाट बघत बसले.

मांडूचा निकाल शेजारच्या शर्माजींनी गच्चीच्या कठड्यावरूनच लावला. "अरे भिया, मांडू तो बारिश में जाने का!" इंदूरच्या माणसाला मांडू कधीही सुचवा, तो हेच सांगतो, आणि पावसाळ्यात सुचवलं तर "अभी तो भोत भीड़ होगी" म्हणतो. तरी शर्माजींचं खोटं नव्हतं. जहाज महाल जहाजासारखा दिसतो तो दोन बाजूंच्या मुंज आणि कपूर तलावांमुळे. मे महिन्यात तलावच आटले की ते जहाज दुरुस्तीला गोदीत काढल्यासारखं दिसतं. तिथल्या प्रचंड खोडांच्या गोरख चिंचा बारा महिने बघता येतात खऱ्या, पण झाड बघण्याला भाऊजींच्या शीटमध्ये रकाना नव्हता.

पचमढी भाऊजींना पसंत पडली. 1067 मीटर उंची, सातपुडा, धूपगढ, उन्हाळ्यातही वाहणारा बी फॉल. ताईने पिपरियापर्यंतचं आरक्षण बघितलं आणि वेटिंगचा आकडा मोठ्याने वाचला. त्यानंतर पचमढीचं नाव कोणी काढलं नाही. हनुवंतिया, म्हणजे इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्याचा काठ, कागदावर सगळ्यात योग्य होता. पण तिथला जलमहोत्सव थंडीत असतो त्याला कारण आहे, आणि ते कारण खंडव्याला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने फोनवर एका वाक्यात सांगितलं, "इकडे चव्वेचाळीस आहे, मीच तुमच्याकडे यायचं म्हणतोय." रालामंडल अभयारण्य घरापासून अर्ध्या तासावर आहे, म्हणून त्याला कोणी गंभीरपणे घेतलंच नाही.

आई या सगळ्यात भाजी निवडत बसलेली असायची. अधूनमधून म्हणायची, "मला मेलीला काही नको, नर्मदेत एक डुबकी मिळाली की झालं." तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी महेश्वर ठरलं. ठरायचं कारण अर्थातच आईची डुबकी नव्हतं. 2023 साली खेलो इंडियाच्या कनू स्लालमच्या शर्यती महेश्वरजवळ सहस्रधारेला झाल्याचं भाऊजींना इंटरनेटवर दिसलं. सहस्रधारेला नर्मदा खडकांमध्ये फुटून असंख्य धारांनी धावते, आणि त्या खळाळातून देशातली तरणीबांड मुलं होड्या काढत होती. भाऊजींनी तो व्हिडिओ बघितला आणि स्वतःच्या पोटाकडे न बघता "कयाकिंग"समोर हिरवा रंग भरला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो भूगोलाने. आम्ही इंदूरवाले गारव्यासाठी नर्मदेवर जातो म्हणतो तेव्हा एक गोष्ट पोटात ठेवतो. इंदूर पठारावर आहे, साधारण 550 मीटरवर. नर्मदा खाली निमाडात, महेश्वरला इंदूरपेक्षा जवळजवळ 400 मीटर खाली. भाऊजी इंजिनिअर. त्यांनी लगेच हिशेब मांडला, की हजार मीटर उंचीला तापमान सहा-साडेसहा अंशांनी बदलतं, म्हणजे आपण नव्वद किलोमीटर पेट्रोल जाळून स्वतःला अडीच अंश जास्त तापवून घ्यायला निघालोय.

"म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी आपण आत्ताच आहोत?" ताईने विचारलं.

"रात्री गच्चीवर बघ की कसा वारा सुटतो! मालव्याच्या रात्रीला शब-ए-मालवा उगाच म्हणतात का?" बाबा म्हणाले. या वेळी ते जावयासमोरच बोलले.

पण हॉटेलचे पैसे भरून झाले होते, आणि मराठी माणूस भरलेल्या पैशांसाठी लाव्हारसातही उतरेल.

मग तयारी. आईने कैरीचं पन्हं बाटल्यांत भरलं. लू लागू नये म्हणून बाबांनी प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा ठेवला. पुण्याच्या भाचीने तो हुंगून परत दिला, तर बाबांनी दुसरा, जरा मोठा दिला. बायकोने शेव, चकल्या, दशम्या आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी घेतली. तिची सहलीबद्दल एकच अट होती, की तिने गॅस पेटवायचा नाही. एवढं सुस्पष्ट नियोजन आमच्या घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

दरम्यान शीट बदलत होती. निमाडातल्या मे महिन्यात माणसाने उघड्यावर असावं अशा वेळा दोनच, पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर. त्यामुळे भाऊजींनी सायकलिंग, कयाकिंग, पक्षिनिरीक्षण आणि किल्ल्याची फेरी पहाटेच्या तीन तासांत कोंबली. सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच या रकान्यात लिहिलं "इनडोअर बफर".

"म्हणजे झोप," बायको म्हणाली. शीटवर तिची सही म्हणावी तर एवढीच.

निघायचं पहाटे पाचला होतं. पाचला बाबा कपडे घालून ओटल्यावर हजर होते. बाकीचे पोहे खाऊन साडेनऊला निघाले. महूवरून जाम दरवाजाच्या रस्त्याने गेलो. विंध्याचं पठार जिथे संपतं तिथे अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेला हा दरवाजा. वर चढून पाहिलं की खाली सगळं निमाड पसरलेलं दिसतं आणि अंगावर असा वारा येतो की कांदे खिशात गार पडले. मुलं म्हणाली, इथेच राहू. मोठ्यांच्याही मनात तेच होतं, पण खाली हॉटेलचं भाडं चालू झालं होतं. गाडी लावलेल्या जागेपासून दरवाजापर्यंत चालत गेलो त्यावर भाऊजींनी "ट्रेकिंग"ची खूण केली आणि घाट उतरायला घेतला. प्रत्येक वळणाला गाडीचा एसी एकेक आकडा वाढवावा लागत होता.

महेश्वरला दुपार इनडोअर बफरमध्ये गेली. मुलं स्क्रीनवर, मोठे घोरत. संध्याकाळी घाटावर गेलो तेव्हा दगड अजून पाय भाजत होते, पण नदीवरून झुळूक यायला लागली होती. ताई आणि बायको "पाच मिनिटांत येतो" म्हणून साडीच्या दुकानात शिरल्या आणि दुकान बंद होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ट्रिपमधली खरी दमछाक करणारी अ‍ॅक्टिव्हिटी त्यांनीच केली, आणि तिचा रकाना शीटमध्ये नसल्याने बजेटमध्येही नव्हता.

भाऊजींनी एका नाववाल्याला गाठलं. "कयाक है क्या?"

"नाव है साब. चप्पू आप चला लेना, पैसे उतने ही लगेंगे."

घासाघीस होऊन पहाटे साडेपाचची नाव ठरली. बाणेश्वराचं पाण्यातलं देऊळ, मग सहस्रधारेच्या दिशेने जमेल तेवढं. सगळे येणार होते. गजर सगळ्यांनी लावले.

पहाटे घाटावर मी पोचलो तो आईला सोडायला. तिची डुबकी होऊन ओल्या केसांचा अंबाडाही घालून झाला होता. पूर्वेला नुकतं फटफटत होतं, गार होतं, आणि समोरच्या खडकावर दोन-तीन पाणकावळे पंख पसरून बसले होते, म्हणजे पक्षिनिरीक्षणही झालंच. नाववाल्याने आमच्यामागे बराच वेळ वाट पाहिली.

"अम्मा, बाकी लोग?"

"सोने दो उनको," आई नावेत बसत म्हणाली, "वो लोग अ‍ॅक्टिव्हिटी के लिए आए हैं."