फोडणीचा निंजा

शनिवारी रात्री साडेअकराला मी अंधारात चोरपावलांनी हॉलकडे निघतो, तेव्हा आपल्या रक्तात कुठेतरी निंजा असावा असं मला मनापासून वाटतं. तेवढ्यात पायाला तांब्या लागतो. तो घरंगळत, भांडं वाजवत, थेट आईच्या खोलीपर्यंत जातो आणि आतून आवाज येतो, "लागले का याचे काळे बुरखेवाले?"

मग आई येऊन बसते. माझ्या हालांना खरी सुरुवात इथे होते, कारण ऐंशीच्या दशकातले हे स्वस्तातले निंजापट एकट्याने बघायचे असतात. शेजारी प्रश्न विचारणारं माणूस असलं की संपलं.

"हा जपानी आहे?"

पडद्यावर 1981 चा 'एंटर द निंजा' चालू होता. नायक फ्रँको नीरो, इटलीचा. झुपकेदार मिशी, पांढरा निंजा-पोशाख. चित्रण मनिलातलं. दिग्दर्शक मेनाहेम गोलन, निर्मितीत त्यांचे चुलतभाऊ योरम ग्लोबस, दोघे इस्रायलचे. नायकाच्या तोंडी आवाजसुद्धा दुसऱ्याचा. हे सगळं मी सांगितलं. आई म्हणाली, "आणि लपायचं तर पांढरे कपडे कशाला? डाग तरी किती पडतात." मला उत्तर सुचलं नाही. खलनायक शो कोसुगी मात्र खरोखर जपानी आहे, एवढं मी क्षीणपणे बोललो.

पुढच्या शनिवारी 1984 चा 'निंजा थ्री' लावला. टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारी, एरोबिक्स शिकवणारी एक बाई. तिच्या अंगात मेलेल्या निंजाचं भूत शिरतं आणि त्याला मारणाऱ्या पोलिसांना ती एकेक करून संपवते. मी समजावायच्या आत आई म्हणाली, "अंगात आलंय. भगताकडे न्यायला हवं." आणि खरंच नेतात हो! सिनेमातल्या पोलिसांच्या आधी आईने निदान केलेलं होतं. त्या रात्री तिचा भाव वधारला.

पण खरी जुगलबंदी गॉडफ्री हो यांच्यावरून झाली. हाँगकाँगचे हे गृहस्थ. यांची रीत अशी: आशियातलाच कुठलातरी दुसरा, पडून राहिलेला सिनेमा घ्यायचा, त्यात रिचर्ड हॅरिसनसारख्या गोऱ्या नटाला निंजाच्या कपड्यात थोडंफार चित्रित करून घुसवायचं, वर इंग्रजी आवाज चिकटवायचे. दोन सिनेमांतली माणसं कधी भेटणारच नाहीत, म्हणून ती फोनवर बोलतात. 'निंजा टर्मिनेटर'मध्ये तर हॅरिसनचा निंजा-गुरू कार्टूनमधल्या गारफिल्ड मांजराच्या आकाराच्या नारिंगी फोनवरून बोलतो. चेहरा असा गंभीर, की घरात मयत झालंय. हसायचं आपण; त्यांच्यातलं कुणीही हसत नाही, आणि माझा जीव नेमका त्यातच अडकलाय. काही निंजांच्या कपाळपट्टीवर चक्क 'निंजा' असं लिहिलेलं असतं. गुप्तहेराच्या कपाळावर पाटी!

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे कालच्या पोळ्या कुस्करून फोडणी द्यायची, असंच ना?"

वीस वर्षं मी मित्रांना हे समजावतोय. एकदाही इतकं नेमकं जमलं नव्हतं.

काल तांब्या जागेवर नव्हता. आईने उचलून ओट्यावर ठेवला होता. तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून, डोळे मिटूनच, ती म्हणाली, "मी जरा पडते. मांजराचा फोन वाजला की उठव."