तलावाचे शिक्षण डोंगरापर्यंत पोहोचले पाहिजे

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. विजयनगरच्या सत्तेचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमधली घळ मातीच्या बांधाने अडवली आणि त्या पाण्यावर जवळजवळ पाचशे वर्षे खालची भातशेती आणि माडा-पोफळीच्या बागा पोसल्या गेल्या. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला, तेव्हा सिंधुदुर्गातील प्रत्येकाला अभिमान वाटला, तसा मलाही वाटला. तेव्हापासून आपल्या भागातील तलावांविषयी बोलणे वाढले आहे. फलक लागतात, प्लास्टिक गोळा होते, २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाला शाळेची मुले घोषणा देत फेरी काढतात. या कष्टांचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र हे सगळे शिक्षण काठावरच थांबते आणि तलावाचे भवितव्य वरच्या डोंगरावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तरीही एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर निघून जाते. ते थोपवून धरते ती डोंगरउतारावरची झाडी आणि तिच्याखालचा पालापाचोळ्याचा थर. काजूच्या कलमांसाठी किंवा प्लॉट पाडण्यासाठी जेसीबी लावून उतार उघडा केला, की पहिल्याच मोठ्या पावसात व्हाळ, म्हणजे डोंगरावरून येणारा ओढा, तांबडा होऊन धावतो. ते तांबडे पाणी तलावात येऊन स्थिरावते आणि त्यातील माती तळाशी बसते. तलाव वरून भरलेलाच दिसतो, पण त्याची खोली दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते, आणि हे काठावर उभे राहून कोणाच्याही लक्षात येत नाही. गाळ काढण्यासाठी पुढे लाखो रुपयांचे अंदाजपत्रक बनते, पण गाळ आला कुठून याची चर्चा ग्रामसभेत अभावानेच होते.

म्हणून ज्यांना शिकवायचे ते लोकही आपण नीट निवडले पाहिजेत. ज्याच्या नावावर सातबारा आहे, पण जो मुंबईत राहतो, त्या चाकरमान्याला फलक कधीच दिसत नाही. तो गावात येतो गणपतीला आणि शिमग्याला, आणि जमीन विकायची की कलमे लावायची हे घरचे मोठे निर्णयही बहुधा याच दिवसांत होतात. आरतीसाठी वाडीतील माणसे एकत्र जमतात, तेव्हा पंधरा मिनिटे मागून पाणलोटाचा साधा नकाशा समोर ठेवावा आणि कोणाच्या जमिनीतून कोणता व्हाळ तलावाला मिळतो, एवढेच दाखवावे. जेसीबी चालवणारा तरुणही याच वाडीतला असतो. उताराला आडवा चर आणि बांध घालून काम कसे करावे, व्हाळाच्या दोन्ही बाजूंची झाडे का ठेवावीत, हे त्याला एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने प्रत्यक्ष जागेवर नेऊन सांगितले, तर ते दहा भाषणांहून अधिक उपयोगी पडेल.

मुलांच्या बाबतीत मला घोषणांपेक्षा मोजमाप महत्त्वाचे वाटते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी वापरलेली तबकडी कोणत्याही शाळेला करता येते. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्यावी, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत, खाली वजन बांधावे आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. शिक्षकांच्या देखरेखीखाली होडीतून ती हळूहळू पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. जूनमध्ये गढूळ पाण्यात काही गाठींतच नाहीशी होणारी चकती जानेवारीत किती खोलवर दिसते, हे वहीत लिहिणाऱ्या मुलीला डोंगर आणि तलाव यांचे नाते वेगळे समजावावे लागत नाही. उन्हाळ्यात गाळ नसतानाही पाणी हिरवट होऊन चकती लवकर हरवू लागली, तर बागेतले मिश्रखत आणि घाटावरची कपडे धुण्याची पावडर यांतील शेवाळ वाढवणाऱ्या फॉस्फरसकडे बोट दाखवता येते. घाटावर येणाऱ्या बायकांना दोष देण्याआधी ग्रामपंचायतीने काठापासून दूर धुण्याचे दगड, पाणी आणि सांडपाण्यासाठी शोषखड्डा यांची सोय केली पाहिजे. सोय न करता केलेला उपदेश मला अन्यायाचा वाटतो.

कायदा आहेच, मग लोकांना शिकवत बसण्याची गरज काय, असे काही जण विचारतात. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतील व्याख्येतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेले आहेत. कोकणातील कितीतरी जुने तलाव नेमके याच कामासाठी बांधलेले असल्याने त्या नियमांचे कवच त्यांना गृहीत धरता येत नाही. त्यांची राखण गावालाच करावी लागणार आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तलावाच्या पाणलोटाचा नकाशा भिंतीवर लावावा, शाळेच्या वहीतील वर्षभराचे आकडे मुलांनी स्वतः वाचून दाखवावेत आणि येत्या उन्हाळ्यात कोणत्या उतारावर काम निघणार आहे, हे जमीनमालकांनी सभेत आधीच सांगावे, असा ठराव प्रत्येक तलावाच्या गावाने करावा. माझ्या गावात तो मांडण्यासाठी मी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज देत आहे. आपल्या गावासाठी त्याचा मसुदा हवा असल्यास तो मी आनंदाने पाठवीन.